पाऊस आला म्हणून झाड लावू नये : कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅव्होकॅडोची गोष्ट

आजच्या व्याख्यानाचा विषय थोडा वेगळा आहे. या मालेत आपण राजवटी, तह, लढाया, दुष्काळ यांच्यावर बोलत आलो. आज एका झाडाच्या लावणीच्या तारखेवर बोलायचं आहे. तारखेला कसला आलाय इतिहास, असं तुम्हाला वाटेल. पण शेतीतल्या तारखा आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी आधी चुकीच्या महिन्यात लावून नुकसान सोसलेलं असतं, तेव्हा कुठे पुढच्याला बरोबर महिना कळतो.

सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. माझा पुतण्या कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहतो. गेल्या वर्षी त्याने परसात अ‍ॅव्होकॅडोचं कलम लावलं. नोव्हेंबर महिना, नुकताच पाऊस सुरू झालेला, जमीन मऊ झालेली. त्याला गावाकडची आठवण आली. मृगाचा पाऊस पडला की आजोबा आंब्याची कलमं लावायचे. याने तेच केलं. जानेवारीत त्याचा फोन आला, "काका, सगळी पानं काळी पडली हो. उकळतं पाणी ओतल्यासारखी दिसतायत. माझं काय चुकलं?"

मी त्याला तेव्हा म्हटलं, "तुझं झाड चुकलं नाही, तुझा पाऊस चुकला." तो हसला, पण मला ते नीट समजावून सांगता आलं नव्हतं. आज ते सांगायचा प्रयत्न करतो.

बघा, आपल्याकडे पाऊस आणि ऊब बरोबर येतात. जूनमध्ये पाऊस येतो, तेव्हा जमीन तापलेली असते. लावलेलं रोप चार महिने पाणी पितं, मुळं पसरतं, आणि थंडी येईपर्यंत सावरतं. म्हणून "पावसाळ्यात झाड लावा" हे आपल्या अंगवळणी पडलंय. कॅलिफोर्नियात उलटा कारभार आहे. तिथला पाऊस हिवाळ्यात येतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा जवळजवळ कोरडा. म्हणजे जेव्हा पाणी असतं तेव्हा ऊब नसते, आणि ऊब असते तेव्हा पाणी नसतं. लावणारा माणूस या दोहोंपैकी कशाच्या मागे जाणार, हा खरा प्रश्न आहे. तिथल्या बागायतदारांना त्याचं उत्तर सापडायला एक पिढी गेली.

आता हे झाड मूळचं कुठलं? मेक्सिको आणि मध्य अमेरिका. मेक्सिकोतल्या तेवाकान खोऱ्यातल्या गुहांमध्ये अ‍ॅव्होकॅडोच्या हजारो वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. नावाटल भाषेतलं त्याचं नाव 'आवाकात्ल', त्यावरून स्पॅनिश लोकांनी 'अग्वाकाते' केलं. १६५३ साली बर्नाबे कोबो नावाच्या जेझुइट पाद्र्याने या फळाचे तीन प्रकार असल्याचं नोंदवलं आहे. आज शास्त्रज्ञही तीनच गट मानतात. मेक्सिकोच्या उंच पठारावरचा एक, ग्वातेमालाच्या डोंगरातला दुसरा, आणि सखल, दमट किनारपट्टीवरचा तिसरा. या तिसऱ्याला वेस्ट इंडियन गट म्हणतात.

थंडीच्या बाबतीत ही तिघं सख्खी भावंडं वाटत नाहीत. किनाऱ्याचं झाड शून्याखाली एक-दोन अंश गेलं की पोळतं. ग्वातेमालाचं साधारण उणे तीन-चारपर्यंत टिकतं. मेक्सिकन गटाचं जुनं, मोठं झाड उणे सहापर्यंतही तग धरू शकतं. हे आकडे मोठ्या झाडांचे आहेत, हे लक्षात ठेवा. त्याच जातीचं कोवळं झाड याच्या कितीतरी आधी मान टाकतं. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे.

आणखी एक गोष्ट. मेक्सिकोच्या त्या पठारावर पाऊस आपल्यासारखाच उन्हाळ्यात येतो. मे-जून ते ऑक्टोबर. म्हणजे अ‍ॅव्होकॅडो हे पाऊस आणि ऊब एकत्र मिळण्याची सवय असलेलं झाड. त्याला नेऊन हिवाळी पावसाच्या मुलखात ठेवलं, तिथेच भांडणाला सुरुवात झाली.

कॅलिफोर्नियात ते पहिल्यांदा व्यवस्थित रुजलं ते १८७१ साली. सांता बार्बराला न्यायाधीश आर. बी. ऑर्ड यांनी मेक्सिकोहून आणलेली झाडं लावली. सांता बार्बरा समुद्राकाठी आहे, हवा सौम्य, त्यामुळे ती जगली. पुढची तीसेक वर्षं अ‍ॅव्होकॅडो म्हणजे हौशी लोकांच्या परसातलं झाड होतं. बी टोचायची, उगवेल ते झाड, लागेल ते फळ. गोटीएवढं, गोड, कडू, धागेदार, काहीही.

धंदा म्हणून त्याकडे पाहिलं ते रोपवाटिकावाल्यांनी. लॉस एंजेलिसजवळ अल्टाडीना गावात फ्रेड पोपेनो यांची 'वेस्ट इंडिया गार्डन्स' नावाची रोपवाटिका होती. १९११ साली त्यांनी कार्ल श्मिट या तरुणाला मेक्सिकोत पाठवलं. काम असं की बाजारात हिंडायचं, उत्तम फळ शोधायचं, मग ते कुठल्या झाडाचं आहे याचा माग काढायचा, आणि त्या झाडाच्या डोळ्यांच्या काड्या पाठवायच्या. श्मिट फिरत फिरत पुएब्ला राज्यातल्या अत्लिस्को गावी पोचला. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरच्या आसपास उंचीवर हे गाव आहे. तिथे अलेहांद्रो ले ब्लांक यांच्या बागेतल्या एका झाडाच्या काड्या त्याने घेतल्या. अल्टाडीनाला त्या पोचल्या, डोळे भरले गेले, आणि त्या झाडाला नुसता क्रमांक मिळाला : पंधरा.

पंधरा नंबरकडे तेव्हा कुणी खास लक्ष दिलं नाही. त्याच्याबरोबर कितीतरी नंबर रांगेत उभे होते.

मग जानेवारी १९१३ आला. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात दक्षिण कॅलिफोर्नियावर थंडीची अशी लाट आली, की संत्र्या-लिंबांच्या बागाच्या बागा होरपळल्या. त्या भागाची सगळी मिजास 'आमच्याकडे हिवाळा नसतो' या जाहिरातीवर उभी होती. लोक पूर्वेकडून जमीन विकत घ्यायला येत ते त्यासाठीच. एका आठवड्यात ती जाहिरात खोटी ठरली. अल्टाडीनाच्या रोपवाटिकेत अ‍ॅव्होकॅडोची कोवळी कलमं ओळीने मेली. थोडी उभी राहिली, आणि त्यात पंधरा नंबर ठसठशीतपणे तगला. त्याला मग नाव मिळालं, 'फुएर्ते'. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ बळकट, दमदार.

इथे एक माणूस आपल्या गोष्टीत येतो, जॉन व्हेडन. योर्बा लिंडा इथले बागायतदार. त्यांनी पोपेनो यांच्याकडे दुसऱ्या जातींची झाडं मागवून ठेवली होती. ती थंडीत गेली. व्हेडन साहजिकच पैसे परत मागायला लागले. रोपवाटिका अडचणीत. त्यांनी विनंती केली की पैशांऐवजी ही तगलेली पंधरा नंबरची झाडं घ्या. व्हेडन नाखुशीने तयार झाले. आणि त्याच नाखुशीच्या झाडांनी पुढे त्यांचं नशीब काढलं. लॉस एंजेलिसची मोठी हॉटेलं फळ घ्यायला लागली, आणि फळापेक्षाही इतर बागायतदार डोळ्यांच्या काड्यांसाठी रांग लावायला लागले.

१९१५ साली बागायतदारांनी संघटना काढली. तिचं सुरुवातीचं नाव 'कॅलिफोर्निया अवाकाते असोसिएशन', मग 'अ‍ॅव्होकॅडो' हा शब्द ठरला. १९३८ साली याच बागायतदारांचं शिष्टमंडळ अत्लिस्कोला गेलं आणि मूळ झाडाचे आभार मानणारा फलक तिथे लावून आलं. एका झाडाचे आभार मानायला परदेशात जाणारे शेतकरी तुम्ही ऐकलेत कधी? त्यावरून १९१३ ची धास्ती किती खोल गेली होती, हे कळतं.

आता इतिहासाची पुस्तकं इथे थांबतात. थंडी आली, दमदार जात सापडली, प्रश्न सुटला. मला मात्र वाटतं की प्रश्न तेव्हा अर्धाच सुटला. त्या आठवड्यातून लोक तीन गोष्टी शिकले. कुठलं झाड, कुठे, आणि केव्हा. पहिल्या गोष्टीचं कौतुक झालं. दुसरी आणि तिसरी नुसतीच बागायतदारांच्या बोलण्यात राहिली.

'कुठे' हे आधी पाहू. थंड हवा जड असते. वारा नसलेल्या निरभ्र रात्री ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साचते. म्हणून दरीच्या तळाला दव गोठतं आणि वर पन्नास-शंभर फुटांवरच्या उतारावर काही होत नाही. आपल्याकडे निफाडच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पारा दोन-तीन अंशांवर आला की ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. कॅलिफोर्नियात शेकोट्यांच्या जागी तेलाच्या शेगड्या होत्या, झाडांच्या ओळींमध्ये शेकडो. पुढे वरची उबदार हवा खाली ढकलणारे मोठे पंखे आले. पण सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे उतारावर लावणं. संत्री खालच्या सपाटीवर, अ‍ॅव्होकॅडो वर डोंगरावर, अशी वाटणी हळूहळू झाली.

आता 'केव्हा'. कॅलिफोर्नियातल्या माणसाला हे अवघड जाण्याचं कारण असं, की त्याचं बाकीचं सगळं पंचांग उलट सांगतं. पीच, सफरचंद, आलुबुखार ही पानगळीची झाडं तिथे जानेवारीत लावतात. माती धुतलेली, उघड्या मुळांची रोपं विकायला येतात. ते बरोबरच आहे, कारण ती झाडं तेव्हा झोपलेली असतात. पानं नाहीत, म्हणजे पाण्याचा खर्च नाही. पाऊस वरून पडतो, वसंतात जाग येते, काम झालं.

अ‍ॅव्होकॅडो झोपत नाही. सदाहरित झाड आहे. पानं वर्षभर पाणी खर्च करतात. आणि मुळांचं बघाल, तर फार उथळ, वरच्या वीतभर मातीत पसरलेली, आणि पाणी शोषणारे बारीक केस त्यांना जवळपास नाहीतच. थंड मातीत ही मुळं काम करत नाहीत. म्हणजे नोव्हेंबरात लावलेलं कलम पिशवीएवढ्या मातीच्या गोळ्यात अडकून बसतं. भोवती पाऊस पडतोय, माती चिखल झालीय, आणि झाड मात्र तहानलेलं. त्यात चिखलातल्या मुळांना कूज लागते. फायटोफ्थोरा नावाची ही मूळकूज पुढे १९४० च्या दशकात तिथे संशोधकांनी नीट ओळखली, आणि आजही अ‍ॅव्होकॅडोचा तोच पहिला शत्रू आहे.

याउपर एक गोम आहे. रोपवाटिकेच्या आडोशाला वाढलेल्या कलमावर शरदात कोवळी पालवी असते. ती पालवी अजून पक्की झालेली नसते. पहिलं दव गोठलं की ती सगळ्यांत आधी जाते, आणि कलमाचा सांधा जमिनीच्या वर असेल तर कलमच जातं. खालचा खुंट फुटतो, पण ते आपल्याला हवं असलेलं झाड नव्हे.

मग काय करायचं? थंडीचा धोका टळला, माती तापायला लागली की लावायचं. मार्च ते जून हे आज तिथे सांगितलं जाणारं उत्तर आहे. जिथे दव उशिरापर्यंत गोठतं तिथे मार्च उलटल्यावर. यामागचं गणित सरळ आहे. झाडाचा पहिला हिवाळा येण्याआधी त्याला जास्तीत जास्त उबदार महिने मिळाले पाहिजेत. एप्रिलमध्ये लावलं तर सात महिने मिळतात. तेवढ्यात मुळं पसरतात, पालवी दोनदा येऊन पक्की होते, खोड तपकिरी होतं.

तुम्ही म्हणाल, मग भर उन्हाळ्यात लावलं तर? ऊब तर भरपूर. तिथेही फसगत आहे. कोवळ्या कलमाला पस्तीस-चाळीस अंशांच्या उन्हात लागेल तेवढं पाणी ती तोकडी मुळं ओढू शकत नाहीत, कितीही ओता. हिरवं खोड उन्हाने भाजतं. म्हणून खोडाला पातळ पांढरा रंग देतात. आपल्याकडे झाडांना चुना लावतो, तसंच. तेव्हा खरी खिडकी आहे वसंताची. आणि या खिडकीत पाऊस संपत आलेला असतो. म्हणजे ऊब निवडायची आणि पाणी आपण घालायचं. माझ्या पहिल्या प्रश्नाचं हे उत्तर. जिथे पाऊस आणि ऊब एकत्र येत नाहीत, तिथे ऊब धरावी, कारण पाणी वाहून आणता येतं, ऊब आणता येत नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. १९४७ साली कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने सॅन डिएगो परगण्यात पोचलं. तिथले डोंगरउतार दवापासून सुरक्षित होते, पण कोरडे ठणठणीत. पाणी आलं आणि फॉलब्रूक, एस्कोंदिदो या भागातले उतार अ‍ॅव्होकॅडोने भरून गेले. पाण्याला झाडाकडे नेलं, झाडाला पावसाकडे नेलं नाही.

आता शेवटचं वळण, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. १९२० च्या दशकात ला हाब्रा हाइट्स इथे रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने थोडी जमीन घेतली. त्याने अ‍ॅव्होकॅडोच्या बिया विकत घेऊन रोपं वाढवली. हेतू हा, की त्यांवर फुएर्तेची कलमं बांधायची. एका रोपावर कलम काही केल्या धरेना. कंटाळून त्याने ते रोप तसंच वाढू दिलं. त्याला जे फळ लागलं ते जाड, खडबडीत सालीचं, पिकल्यावर काळं पडणारं. मुलांना चव आवडली. १९३५ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. तेच आजचं 'हास'.

फुएर्तेची साल पातळ आणि हिरवी. डाग लगेच दिसतो. हासची जाड साल लांबच्या प्रवासाला टिकते, आणि काळ्या रंगात खरचटलेलं झाकून जातं. दुकानदाराला हेच हवं होतं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात हासने फुएर्तेला मागे टाकलं, आणि आज तिथल्या पिकात सुमारे ९५ टक्के हासच आहे. फुएर्तेचा खुंट व्हायला जन्मलेल्या रोपाने फुएर्तेलाच गादीवरून उतरवलं.

पण हास थंडीला फुएर्तेपेक्षा नाजूक आहे. १९१३ च्या थंडीने एक झाड निवडलं होतं, बाजाराने दुसरं निवडलं. थंडी मात्र तीच राहिली. जानेवारी १९३७, डिसेंबर १९९०, जानेवारी २००७, दर काही दशकांनी ती येऊन गेली, आणि दरवेळी बागा भाजल्या. झाडाच्या अंगातली जी ताकद आपण बाजारासाठी सोडून दिली, तिची भरपाई जागा आणि तारीख या दोघांनी करायची असते. म्हणून शंभर वर्षांपूर्वीपेक्षा लावणीच्या तारखेला आज जास्त महत्त्व आहे. जात दमदार असती, तर महिनाभराची चूक पोटात घातली असती. हास घालत नाही.

परत पुतण्याकडे येऊ. त्याने दुकानात खाल्लेलं फळ हास, म्हणून कलमही हासचं आणलं. सॅक्रामेंटो समुद्रापासून आत, सपाटीवर, हिवाळ्यात दव गोठणारं गाव. म्हणजे जात नाजूक, जागा थंड, महिना चुकीचा. तिन्ही बाजूंनी मार. जानेवारीत तो काळ्या फांद्या छाटायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. थंडीने भाजलेलं झाड लगेच छाटू नये. वरचा मेलेला भाग खालच्याला थोडा आडोसा देतो, आणि कुठवर जीव आहे हे वसंतातली पालवीच सांगते. एप्रिलपर्यंत थांब, म्हटलं.

एप्रिलमध्ये सांध्याच्या खालून फूट आली. कलम गेलं होतं, खुंट उरला होता. मग त्याने नवीन झाड आणलं. या वेळी मेक्सिकन रक्ताचं, 'मेक्सिकोला' नावाचं, लहान काळ्या सालीचं. घराच्या दक्षिण भिंतीजवळ, जिथे दिवसभराची ऊब रात्री भिंतीतून परत मिळते, तिथे थोडा उंचवटा करून लावलं. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर. पहिल्या दोन हिवाळ्यांत निरभ्र रात्री वरून गोणपाट टाकायचं, आणि सकाळी काढायचं.

त्याने मला विचारलं, "काका, मग आजोबा चुकीचे होते का?" नाही. आजोबांचा नियम त्यांच्या पावसासाठी बरोबर होता. ते पावसात झाड लावत नव्हते, ते उबेत लावत होते. कोकणात दोन्ही एकाच दिवशी येतात, म्हणून फरक कळत नाही इतकंच. माणूस देश सोडून गेला की नियम बरोबर नेतो, आणि नियमामागचं कारण मात्र गावीच राहतं. ते कारण शोधून काढणं, हे माझ्या मते इतिहास वाचण्याचं एक चांगलं काम आहे.

एवढं बोलून थांबतो.